तीन तारखेचं प्रस्थान

थोंगसे, ६ सप्टेंबर १९८६

नोमो कुन्झेस,

जुले. चहाची वीट पोचली. साखरेचा पुडा अर्धाच आला. घोडेवाल्याला विचारलं तर म्हणतो, "वाटेत ओली झाली, वाळवायला तोंडात धरली." असली माणसं शोधून काढतेस कुठून?

आता मुद्द्याचं. जिग्मेतला घरी पाठव. चार वर्षं लेहमध्ये दुसऱ्यांच्या जीपखाली लोळून झाली, पुरे. त्याच्या आबांचे गुडघे आता खुरपणीलासुद्धा साथ देत नाहीत. बार्ली खळ्यावर आली की मोठं घर पोराच्या हवाली करायचं आणि आम्ही दोघांनी मागच्या छोट्या घरात जायचं, असं त्यांनी ठरवून टाकलंय. गेले आठ दिवस त्या छोट्या घराला माती लिंपताहेत. लिंपताना गातात! माझ्या लग्नातसुद्धा गायले नव्हते.

पण ऐक. पोराला पंचविसावं लागलंय, ते अडथळ्याचं वर्ष. त्याचा काका वाटेतल्या मारपो खिंडीत गेला तेव्हा त्यालाही पंचविसावंच होतं, विसरू नकोस. मी ओन्पो नवांगकडे पोथी उघडून घेतली. ते म्हणाले, तीन ऑक्टोबरला तो घराबाहेर पडला तर सुखरूप येईल. चार ते बारा सगळे दिवस काळे. ट्रकनं ये म्हणून सांगून पाहा, पण तुझा भाचा ऐकेल असं वाटत नाही. त्याला मुतुप आणि छेवांगबरोबर गावोगाव छांग ढोसत चालत यायचंय, असं त्यानं मागेच कळवलंय. चालत येऊ दे. पण तीन तारीख म्हणजे तीन तारीख. तू लहानपणापासून "हो आचे, हो आचे" करून शेवटी स्वतःचंच खरं करतेस, म्हणून दोनदा लिहिते. मला फार भीती वाटते गं. रात्री ते गात असतात आणि मी खिंडीकडे बघत बसते.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, लावून घे.

यांगझोम


लेह, ३ ऑक्टोबर १९८६

आचे-ले,

जुले. तू सांगितलंस तसंच झालं. आज सकाळी ऊन भिंतीवर आल्याबरोबर जिग्मेतचं प्रस्थान झालं. दारात भरला घडा ठेवला होता, धूप जाळला, आणि गंमत म्हणजे समोरून शेजारीण भरल्या कळशीनं आली. मी तिला आधी सांगून ठेवलं नव्हतं, शपथ.

लामा येशे ट्रकनं कारगिलवरून पदुमला चालले आहेत, तिथून चालत तुमच्याकडे येतील. पत्र त्यांच्याकडे देते. आता डोक्याला ताप करून घेऊ नकोस. लामायुरूपासून युरुत, युरुतहून खिंड, खिंड उतरली की तुम्हीच. नऊ दिवस म्हणतात, पण तिघांचं पाणी बघता दहा-बाराही लागतील. छेवांग प्रत्येक घरात "एकच वाटी" म्हणून बसतो आणि मुतुपचं लग्न जमत नसल्यानं तो प्रत्येक घरातल्या मुलीची चौकशी करतो.

आचो-लेंना सांग, छोट्या घराला खिडकी दक्षिणेलाच ठेवा. गुडघ्यांना ऊन लागेल.

तुझी,
कुन्झेस


लेह, ६ ऑक्टोबर १९८६

आचे-ले,

हे पत्र जिग्मेत स्वतः तुझ्या हातात देईल, म्हणजे वाचून झाल्यावर मला शिव्या देताना तो समोर असेल आणि तुझा राग निम्म्यावर येईल. म्हणूनच आत्ता लिहितेय.

तो आज निघालाय. तीन तारखेला निघाला तो त्याचा गोंचा.

काय करू? छेवांगला सरकारी गोदामातून पाच तारखेपर्यंत सुटी मिळेना आणि तुझा लेक म्हणाला, "मित्राला टाकून मी जाणार नाही, माचुंग." पोराच्या जागी त्याचं वस्त्र आधी बाहेर काढलं की मुहूर्त सांभाळला जातो, हे तर आपली आबीसुद्धा करायची. म्हणून तू विणून पाठवलेला तो तांबडा गोंचा मी नीट घडी घालून, पट्ट्यानं बांधून, तीन तारखेला दाराबाहेर काढला. अर्धवट नको म्हणून शेजारी न ठेवता थेट रस्त्याला लावला. दोर्जे घोडेवाला तिकडेच चालला होता. युरुतला मुखियाच्या घरी ठेवायला सांगितलंय. तिथं जिग्मेत तो घालेल आणि आपल्याच मुहूर्तात शिरेल. ओन्पोंना विचारलंस तर तेही हेच म्हणतील.

मागच्या पत्रात उघड लिहिलं नाही कारण तू उगाच दहा दिवस जीव टांगणीला लावला असतास. आता पोर समोर आहे ना? मग हस.

कुन्झेस


थोंगसे, १३ ऑक्टोबर १९८६

कुन्झेस,

लामा येशेंनी तुझं पत्र दहा तारखेला दिलं. दिलं तेव्हा बाहेर हिम पडत होतं.

नऊच्या दुपारी सुरू झालं ते अकराच्या संध्याकाळपर्यंत. इतक्या लवकर असं हिम मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नाही. बार्लीचे भारे खळ्यावरच गाडले गेले. मी बोटांवर मोजलं. तीनला निघाला, सहाला युरुत, आठला खिंडीच्या पायथ्याशी, नऊला सकाळी चढाई. म्हणजे हिम आलं तेव्हा पोर माथ्यावर. दुसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. त्याच्या आबांना मोजायला दिलं, तेही तिथंच आले.

काल बारा तारीख गेली. आज तेरा. मी छपरावरून उतरलेच नाही.

मघाशी त्यांनी गुडघ्यांना लोण्यात सुंठ घालून चोळली आणि काठी शोधायला लागले. मी म्हटलं, "तुमच्यानं जिना चढवत नाही आणि निघालात खिंडीत?" म्हणाले, "जिना चढून मिळणार काय मला? वर तू बसलेली." असली थट्टा करायची ही वेळ आहे का? शेजारचा गालदन बरोबर जातोय. उद्या पहाटे निघतील.

मी अडवलं नाही. खरं सांगते, मनातून मला ते जायला हवे होते. मास्तर उद्या पदुमला चाललेत, त्यांच्याकडे हे देते. तू त्याला तीन तारखेलाच काढलंस ना? मग असं कसं झालं?

यांगझोम


लेह, १९ ऑक्टोबर १९८६

आचे-ले,

काळजी सोड! पोरं माझ्या चुलीपाशी बसलीत आणि माझं चार दिवसांचं पीठ एका बैठकीत संपवताहेत.

झालं असं की नऊ तारखेला ही तिघं युरुतला पोचली आणि हिम सुरू झालं. मुखियानं दाराला आडणा लावला आणि म्हणाला, "कुणाच्या आईला तोंड दाखवायचंय मला? बसा गप." चार दिवस बसवून ठेवलं आणि मग मागं धाडलं. जिग्मेत चिडलाय. "आबा घर लिंपून बसले असतील," म्हणतो. नाकाची सालं निघालीत, बाकी धडधाकट.

माझं सहा तारखेचं पत्र त्यानं जसंच्या तसं परत आणलं. तेही यासोबत पाठवते, वाचून हवं तेवढं बोल. तुझ्या ध्यानात आलं असेलच, तो तीनला नाही, सहाला निघाला. बघ, त्या तीन दिवसांनीच पोर वाचलं! ओन्पो नवांगना हे हळूच सांग.

एकच गोष्ट. तुझा गोंचा हरवला असं धर. दोर्जे घोडेवाला युरुतला आला तेव्हा मुखियाचं घर कापणीला गेलेलं, दाराला कुलूप. तो तसाच पुढे खिंडीकडे निघाला. नंतर हिमात त्यानं घोडी वाचवायला सगळी ओझी वरच टाकली आणि दुसऱ्या दरीनं आपल्या गावी पळाला, असं ऐकते. वस्त्रच गेलं ना, जाऊ दे. पुन्हा विणशील.

पदुमचा ट्रक परवा सुटतोय. आचो-लेंना जुले.

कुन्झेस


थोंगसे, २४ ऑक्टोबर १९८६

कुन्झेस,

गालदन अठराला एकटा आला. त्याच्या पाठीवर जिग्मेतचा गोंचा होता.

माथ्याच्या पलीकडे, मोठ्या खडकाच्या आडोशाला मिळाला म्हणे, पट्ट्यानं बांधलेला, नीट घडी घातलेला. मी विणलेला, उजव्या काखेत ठिगळ, माझाच टाका. मेलेली एक घोडीही होती. गालदन म्हणाला, "वहिनी, थंडीनं माणूस शेवटी भ्रमतो. उकडतंय असं वाटून कपडे उतरवतो." पण घडी? माझ्या पोरानं आयुष्यात कधी कपड्याची घडी घातली नाही. मी गालदनला हेच विचारत राहिले, घडी कुणी घातली, घडी कुणी घातली. त्याला वाटलं माझं डोकं फिरलं.

त्याच्या आबांनी गोंचा उचलला, तोंडाशी धरला, मग गालदनच्या पाठीवर बांधला. म्हणाले, "हा तिला दे. पोर जवळच असेल, मी काढतो." काठीनं हिम उपसायला लागले. गालदननं ओढलं, हातापाया पडला, शेवटी दोन माणसं आणतो म्हणून खाली निघाला. सतराला पुन्हा हिम आलं. एकोणीसला पाच जण वर गेले, अर्ध्यावरून परतले. छातीएवढं आहे.

दोन माणसांसाठी सध्या माझ्याकडे एक गोंचा आहे. लामा येशेंनी तोच समोर ठेवून दोघांची पूजा सुरू केली. एकोणपन्नास दिवस चालेल. तुला माहीतच आहे, आता त्यांची नावं घेता येत नाहीत. तूही लिहू नकोस. हाक ऐकली तर जीव मागं वळतो आणि त्याला वाट सापडत नाही.

मी घाबरत होते तेव्हा काहीतरी उरलेलं होतं. आता घाबरायलाही काही नाही, आणि तरी मी छपरावर जाऊन खिंडीकडे बघते. पदुमला अडकलेले दोन सरकारी लोक चालत बाहेर पडताहेत, त्यांच्याकडे हे देते.

यांगझोम


लेह, २२ जानेवारी १९८७

आचे-ले,

हे पत्र ज्याच्या हातून येईल तो तुझा मुलगा आहे. तो जिवंत आहे. कधी मेलाच नव्हता. बाकीचं वाचण्याआधी त्याच्याकडे बघ, हात लावून बघ, मग पुढे वाच.

माझं एकोणीस ऑक्टोबरचं पत्र तुला मिळालंच नाही. ट्रकवाल्यानं घाटातून परत आणून दिलं. रस्ता बंद. दोन्ही पत्रं यासोबत आहेत, क्रमानं वाच. म्हणजे तुला कळेल की घडी मी घातली होती.

तुझं तेराचं पत्र एक नोव्हेंबरला आलं, चोवीसचं नऊ नोव्हेंबरला. दुसरं मी गोठ्यात उभी राहून वाचलं. पोलिसांच्या वायरलेसवर धावले. त्यांनी निरोप पदुमला दिला, पण तिथला माणूस म्हणाला, थोंगसेची दरी हिमानं भरलीय, नदी गोठेपर्यंत चिमणीसुद्धा जाणार नाही. मी रोज जाऊन विचारत होते. जानेवारीत त्यांनी मला बघूनच मान हलवायला सुरुवात केली.

आचे, मी तुला खरं लिहिलं असतं, "गोंचा आज निघाला, पोर सहाला निघेल," एवढ्या सहा शब्दांचं काम होतं. तू उगाच काळजी करशील म्हणून लिहिलं नाही. मला वाटायचं मी लोकांची मनं सांभाळते. मी फक्त माझ्यावरचं बोलणं टाळत होते.

आणि अजून एक आहे. 

त्याला मी त्याच्या आबांचं सांगितलेलं नाही.

नोव्हेंबरात सांगितलं असतं तर तो त्याच दिवशी खिंडीकडे पळाला असता आणि तुझा तोही गेला असता. हे खरं आहे. पण डिसेंबरात खिंड पूर्ण बंद झाली, तेव्हा तरी सांगायला हवं होतं. रोज ठरवायची. रोज तो विचारायचा, "माचुंग, आबांना तंबाखू घेऊ की नवी काठी?" आणि मी म्हणायची, "तंबाखू घे." त्यानं दोन्ही घेतलंय. तुझी पत्रं मी उशीत शिवून ठेवली होती, त्यालाच उशाला ती उशी दिली होती.

नदी गोठली. चिलिंगहून बर्फावरून निघताहेत, मुतुप आणि छेवांग बरोबर आहेत. मुतुपला सगळं सांगितलंय. तो एक दिवस पुढे जाईल आणि तुला आणि गावाला आधी सावध करेल. मग तू पोराला सांग. मी सांगू शकले नाही. तू आई आहेस, तुला जमेल.

बर्फ यंदा पातळ आहे म्हणतात. मी परत त्याला वाटेला लावलंय आणि परत बसून दिवस मोजतेय. तुला काय झालं असेल ते आता कळतंय. मला क्षमा नको, फक्त तो पोचला एवढं कळव.

कुन्झेस


थोंगसे, ११ फेब्रुवारी १९८७

कुन्झेस,

तो पोचला.

मुतुप आधी आला नाही. नदीच्या एका वळणावर त्याचा पाय बर्फात गेला, गुडघ्यापर्यंत भिजला. छेवांगनं त्याला गुहेत शेकोटीपाशी ठेवून घेतलं आणि जिग्मेतला पुढे धाडलं, "गावातून घोडं आण." म्हणून तुझा भाचा एकतीस जानेवारीला संध्याकाळी एकटाच गावात आला.

पहिल्यांदा गालदनच्या सुनेनं पाहिला. शेणी टाकून किंचाळत घरात गेली. मग एकेक दार लागत गेलं. आमच्याकडे एकोणपन्नास दिवस उलटून गेलेल्या माणसाला कुणी चालत येताना पाहत नाही. मेलेलं शरीर उठून चालायला लागलं तर काय होतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं. छपरावरून कुणीतरी राख फेकली. तो खालून ओरडत होता, "काय रे, चार वर्षांत वेडे झालात का सगळे? मी जिग्मेत!" स्वतःच स्वतःचं नाव घेत होता. ते ऐकून लोक जास्तच घाबरले. ओन्पो नवांग मोठ्यानं मंत्र म्हणायला लागले, मंत्र चुकत होते.

मी चुलीपाशी होते. आवाज ओळखला. खोटं नाही सांगत, मलाही दार उघडायची भीती वाटली. आईला वाटली. गालदन खिडकीतून सांगत होता, "वहिनी, आडणा काढू नका. तो तुमचा नाही."

आपली दारं बुटकी का, हे आबी सांगायची. उठलेल्या मढ्याची पाठ ताठ असते, त्याला वाकता येत नाही, ते उंबऱ्याबाहेर राहतं. मी आडणा काढला, दार सताड उघडलं आणि मागं सरून भिंतीला टेकले. म्हटलं, वाकला तर माझा, नाही तर नाही.

तो तरातरा आला आणि चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. "आमा गं! हे दार वाढवा म्हणून किती वर्षं सांगतोय!" असं बोंबलला, कपाळ चोळलं, आणि वाकून आत आला.

त्याचं डोकं मी दोन्ही हातांनी धरलं. गरम होतं. टेंगूळ येत होतं. मी किती वेळ धरलं होतं कोण जाणे, तोच म्हणाला, "आमा, श्वास घेऊ दे. मुतुपला घोडं पाठवायचंय." मग एकेक करून गाव आत आलं. कुणी त्याचं बोट दाबून पाहत होतं, कुणी सावली. तो हसत होता. गालदन मात्र आत येईना, दाराबाहेरच बसून राहिला.

तुझं पत्र त्याच्या गोंच्यात, छातीशी होतं. त्यानं दिलं, मी बाजूला ठेवलं. तेव्हा वाचलं नव्हतं. मला वाटलं, तू सगळं सांगितलं असशील, आणि पोर माझ्यासाठी हसू ओढून आणतंय. मी त्याला चहा दिला. त्यानं पिशवी उघडून तंबाखू काढली, काठी काढली, आणि चुलीशेजारच्या वरच्या आसनाकडे पाहिलं. ते रिकामं होतं. म्हणाला, "आबा छोट्या घरात राहायला गेले पण? माझी वाट नाही पाहिली?"

घरात वीस माणसं होती, कुन्झेस. सगळी माझ्याकडे बघायला लागली.

तेव्हा मला कळलं की तू सांगितलेलं नाहीस. मला तुझा इतका राग आला की तू समोर असतीस तर चुलीतलं लाकूड काढलं असतं. तो राग अजून आहे, आणि किती दिवस राहील सांगता येत नाही. तू क्षमा नको म्हणतेस, बरं करतेस. पण तू बसून दिवस मोजतेयस हेही मला माहीत आहे, म्हणून हे लिहितेय, आणि नदी फुटायच्या आत मुतुपकडे देतेय. त्याचा पाय बरा आहे. तुला दिवस मोजत ठेवणं माझ्यानं होणार नाही.

मी त्याला सांगितलं. फिरवून नाही, गोड करून नाही. म्हटलं, "ते तुला शोधायला खिंडीत गेले, परत आले नाहीत."

त्यानं वाटी खाली ठेवली. उठला, काठी हातात घेतली आणि गालदनला म्हणाला, "मग कुणीतरी जाऊन हाक मारा ना त्यांना. सांगा, मी आलोय."

यांगझोम